मदत हवी आहे: नोकरीच नाही, मग शेंगेन व्हिसासाठी रजेचं पत्र कोणाचं जोडू?

नमस्कार. मी सांगलीत, विश्रामबागला राहते. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, साडेतीन वर्षं घरूनच परदेशी ग्राहकांना मशीनच्या भागांची कॅड ड्रॉइंग करून देते. सप्टेंबरात एकटीनं इटली आणि ग्रीस, २४ दिवस, असा बेत आहे. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच व्हिसा; जास्त, १५ रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडेच.

अडलंय ते कागदांवर. यादीत मालकाचं रजेचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आहेत. माझी रजा मीच मंजूर करते! एक एजंट म्हणाला, कुठल्यातरी कंपनीचं पत्र बनवून देतो. खोटा कागद नको म्हणून तिथून उठले. वडील स्पॉन्सर व्हायला तयार आहेत, पण त्यांच्या हळदीच्या पैशावर नाही जायचं, एवढा हट्ट राहू द्या.

हाताशी काय आहे: कलम ४४एडीएखाली (स्वतंत्र व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नावर कर) भरलेली तीन वर्षांची आयकर रिटर्न्स, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ३०,००० युरोचा प्रवास विमा. उलाढाल २० लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटी क्रमांक नाही. पैसे मात्र सारखे येत नाहीत. मार्चमध्ये शून्य, एप्रिलमध्ये दोन लाख.

डिजिटल नोमॅड व्हिसा सुचवू नका, तिथे बसून काम करायचंच नाहीये.

ज्यांनी स्वतःच्या कामावर व्हिसा काढलाय त्यांनी सांगा: ग्राहकांचे करार, बिलं आणि माझ्याच सहीचं पत्र एवढ्यावर भागलं का? उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) आत्ता, अर्जाच्या तोंडावर काढली तर उपयोग होतो की उलट शंका येते? आणि मार्चच्या शून्याचा खुलासा पत्रात आपणहून करावा का?