ती मुंबईला का गेली नाही

आपण ज्या कथेवर बोलतोय तिच्यात मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याचं पत्र येऊनही गावी शेती करणारी नायिका मुंबईला जात नाही म्हणजे ती परंपरेला शरण गेलेली, वाट बघत बसलेली बाई, हे समीक्षकांचं म्हणणं या चर्चेत बऱ्याच जणांनी उचलून धरलंय, मला ते अजिबात पटत नाही. बसलीय कुठे ती? अख्ख्या कथेत तरवा (भाताची रोपं) काढतेय, चिखलात वाकून लावणी करतेय.

आणि कूळकायद्याचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला हक्क देणाऱ्या कायद्याचं, कोणी बोललंच नाही अजून. कथा १९५६ च्या पावसाळ्यातली आहे आणि १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषकदिनाला, जे कूळ जमीन कसत होतं ते कायद्याने मालक ठरणार होतं, घरच्या माणसांनी कसलेलीही चालायची. नवरा गिरणीत, म्हणजे कसणारी हीच ना, ही त्या आषाढात निघून गेली असती तर शेत पडीक आणि जमीनमालक टपलेलाच. आमच्या राजापूरकडे माझ्या आजीने अशीच जमीन राखली, सातबाऱ्यावर नाव मात्र आजोबांचं लागलं, ते तेव्हा परळच्या खोलीत राहत होते (पावसात आगबोटीही बंद असायच्या, येणार कसे). नायिकेचं नावही त्या कागदावर येणार नाही हे तिला माहीत आहे, तरी ती थांबते, आणि समीक्षकांनी याला शरणागती म्हणावं याचा मला खरंच राग आला.