साडेचार वर्षांचा मुलगा, कमालीचा चंचल. बडोद्यात आई-बाबांसाठी प्रशिक्षण कुठे मिळेल?

दांडियाबाजारची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत जातो. बोलणं स्पष्ट, पाठांतर उत्तम. आरत्या सगळ्या येतात, पण आरती संपेपर्यंत उभा राहत नाही. ताटावरून सारखा उठतो, रस्त्यात हात सोडून पळतो, घसरगुंडीच्या रांगेत पुढच्याला ढकलतो. परवा खंडेराव मार्केटमध्ये मी भाजीचे पैसे देईपर्यंत हा दोन रिक्षांच्या मधून पलीकडे. शाळेच्या डायरीत लाल शेरे चालूच आहेत.

बालरोगतज्ज्ञांनी कान तपासून घेतले, घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का ते विचारलं, रक्तातलं लोहही पाहिलं. सगळं ठीक आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असू शकेल म्हणाले, पण या वयात शिक्क्याची आणि गोळीची घाई नको, आधी तुम्ही दोघं पेरेंट ट्रेनिंग घ्या. कुठे घ्यायचं ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला.

मग एका सेंटरमध्ये गेलो. मुलाला आत नेलं, आम्हाला बाहेर बसवलं, पाऊण तासाने "छान झालं सेशन" म्हणत सहा महिन्यांचं पॅकेज पुढे केलं. घरी आम्ही काय करायचं विचारलं तर "मोबाइल कमी द्या".

कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का? त्यात नेमकं काय शिकवतात? सासूबाई म्हणतात, "याचा बाप असाच वांड होता, झालाच ना इंजिनिअर." बाप त्यावर नुसता हसतो.

फतेगंज_७
सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे हो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. नवरोजींनाही वर्गाला बसवा, त्यांनाच जास्त उपयोग होईल.

मांजलपूरकर
तुमच्या डॉक्टरांना शंभर मार्क. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की चार ते सहा वयात पहिला उपाय पालकांचं प्रशिक्षण. त्याने भागलं नाही तर औषधाचा विचार. इंग्लंडमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या सूचनाही पाच वर्षांखालच्यांसाठी हेच सांगतात. आपल्याकडे नेमकं हे सोडून बाकी सगळं विकायला असतं.

आमच्या मुलीच्या वेळी आम्ही दोघांनी केलं, ती आता तिसरीत आहे. प्रशिक्षण म्हणजे व्याख्यान नव्हे. दोन-अडीच महिने, आठवड्यातून एकदा जायचं, मधल्या दिवसांत गृहपाठ. आणि गृहपाठ आपल्याला, मुलाला नाही.

सुरुवातीला शिस्तीचं नावही काढत नाहीत. रोज दहा मिनिटं मुलाच्या मर्जीने खेळायचं. सूचना नाही, प्रश्न नाही, टीका नाही. ठोकळे घेऊन बसलेला कुठलाही बाप दुसऱ्या मिनिटाला "हा कोणता रंग?" विचारतोच. ते विचारायचं नाही. "तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास" एवढंच म्हणायचं. वेडगळ वाटतं, पण दिवसभर "बस, थांब, नको" ऐकणाऱ्या पोराला ही दहा मिनिटं फार लागतात.

मग कौतुक. नुसतं "शहाणं माझं बाळ" नाही, नेमकं: "हाक मारल्यावर लगेच आलास, मला आवडलं." मग सूचना कशी द्यायची ते. स्वयंपाकघरातून ओरडून नाही; जवळ जायचं, त्याच्या उंचीला वाकायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही प्रश्न करून नाही. "बूट घालतोस का?" याला "नाही" हे अगदी रीतसर उत्तर आहे. "बूट घाल" म्हणायचं, मनात पाच आकडे मोजायचे आणि तोवर तोंड मिटून ठेवायचं. हे तोंड मिटून ठेवणंच सगळ्यांत अवघड.

बक्षिसाचंही गणित वेगळं. "आठवडाभर नीट वागलास तर रविवारी कमाटीबाग" असं या मुलांना चालत नाही, रविवार त्यांच्या लेखी पुढच्या जन्मात असतो. स्टिकर तिथल्या तिथे, बक्षीस त्याच संध्याकाळी, आणि छोटं.

शेवटी दुर्लक्ष आणि टाइमआउट, म्हणजे थोडा वेळ खेळातून बाजूला बसवणं. कुरकुर, पाय आपटणं याकडे पाहणं बंद केलं की ते आधी वाढतं, मग उतरतं. ही वाढ येणार हे आधीच माहीत पाहिजे, नाहीतर नेमकं तिथेच घरचे हात टेकतात. टाइमआउट वयाच्या वर्षामागे साधारण एक मिनिट, आवाज न चढवता. मारणं यात कुठेच बसत नाही.

अलकापुरी_बाबा
थोडक्यात, पोर चंचल आणि दोष आई-बापाचा. आधीच शाळा ऐकवते, सासर ऐकवतं, आता डॉक्टरही.

मांजलपूरकर
दोषाचा प्रश्नच नाही दादा. घरात कुणाला साखर निघाली तर स्वयंपाक करणाऱ्याला पथ्याचं रांधायला शिकावं लागतं. म्हणून साखर त्याच्यामुळे झाली असं कुणी म्हणत नाही. साध्या मुलाला चालणारं वळण या मुलाला पुरत नाही, म्हणून जास्तीचं शिकायचं.

आणि उगाच मोठी आशा दाखवत नाही. असे बरेच अभ्यास झालेत. आई-बाबांना विचारलं तर ते सांगतात मूल खूप सुधारलं. पण कोणतं कुटुंब प्रशिक्षणाच्या गटात आहे हे ज्याला माहीतच नाही अशा माणसाने मोजलं की मूळ चंचलतेतला फरक बराच लहान निघतो. हट्ट, आकांडतांडव, उलटून बोलणं कमी होतं आणि आई-बाबांचं वागणं बदलतं, हे मात्र त्या मोजणीतही दिसतं. आमच्याकडेही तसंच झालं. मुलगी अजून खुर्चीवर पाय दुमडून, उलटी, कशीही बसते. पण शाळेत निघताना रडारड होत नाही. पैसे आणि वेळ घालण्याआधी हे डोक्यात स्पष्ट असू द्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात "अजून कुठे शांत बसतोय" म्हणून सोडून द्याल.

ब्रेनपॉवर_वडोदरा
ताई, साखर पूर्ण बंद करा आणि आमचा मेंदू-सक्रियता कोर्स करा. २१ दिवसांत फरक, खात्रीशीर. संपर्क:

प्रशासक
फोन नंबर काढला आहे. जाहिरातीसाठी वेगळा विभाग आहे.

फतेगंज_७
साखरेचा विषय निघालाच आहे तर: मुलांना खरी साखर आणि खोटी गोडी देऊन, कुणाला काय दिलं ते घरच्यांनाही न सांगता तपासून झालंय. १९९५ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, साखरेने वागणं बिघडतं असं दिसलं नाही. दातांसाठी बंद करायची तर जरूर करा. आणि "खात्रीशीर" हा शब्द दिसला की पाकीट घट्ट धरा.

कारेलीबाग_काकू
बडोद्यात कुठे, ते सांगते. सयाजी हॉस्पिटलच्या (आपलं एसएसजी) मानसोपचार ओपीडीत जा, खर्च नगण्य. सकाळी लवकर जा, पोराला खाऊपिऊ घालून न्या, थांबावं लागतं. कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, ते सोडा. केसपेपरावर काय छापलंय ते शेजारीण वाचायला येत नाही.

दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके. २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि त्यातल्या ३० आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. जिल्हा पातळीवर अशा मुलांच्या तपासणी-उपचारासाठी त्यांचं डीईआयसी नावाचं केंद्र असतं. अंगणवाडीत किंवा शाळा तपासायला येणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. फुकट आहे म्हणून कमी दर्जाचं असेल असं धरून चालू नका.

तिसरं, युनिव्हर्सिटी. एम. एस. च्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडी आहे. तिथल्या बाई रोज याच वयाची पोरं पाहतात. प्रशिक्षण तिथेच मिळेल असं नाही म्हणत, पण शहरात हे काम मन लावून कोण करतं ते विचारायला ती जागा चांगली.

खाजगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. मागायला लाजायचं नाही, परिषदेच्या वेबसाइटवर पडताळता येतो. मग विचारा: प्रत्येक वेळी आम्ही आत असणार का? घरी करायला काय देणार? पुढच्या खेपेला ते तपासणार का? पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तर चहा पिऊन घरी या.

आणि अडीअडचणीला टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठी-गुजराती दोन्ही चालतं. प्रशिक्षण फोनवर होणार नाही, पण रात्री अकरा वाजता आईच रडकुंडीला आली तर बोलायला माणूस मिळतो.

सुरसागर_साने
परदेशातल्या कार्यक्रमांची नावं माहीत असलेली बरी, कारण इथले लोक त्यांचेच तुकडे वापरतात. 'इन्क्रेडिबल इयर्स' सिएटलचा, पालकांचा गट करून व्हिडिओ दाखवत चर्चा. 'ट्रिपल पी' क्वीन्सलँड विद्यापीठाचा, ऑनलाइनही आहे. 'पीसीआयटी'मध्ये तुम्ही मुलाशी खेळता आणि थेरपिस्ट काचेपलीकडून तुमच्या कानातल्या यंत्रात सांगत राहतो. दोन ते सात वयासाठी. 'न्यू फॉरेस्ट' इंग्लंडचा, खास एडीएचडीच्या लहान मुलांसाठी, घरी येऊन आठ आठवडे. त्यात थांबण्याचे, लक्ष टिकवण्याचे खेळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेचाही एक आहे, दोन ते नऊ वर्षांच्या, विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. २०२२ पासून ऑनलाइन फुकट. तो एडीएचडीपुरता नाही, पण रोजच्या कामांत मुलाला कसं गुंतवायचं ते छान दाखवलंय. पाटीवर यातलं नाव असो-नसो, आत काय करून घेतात ते पाहा.

निवृत्त_बाई
बालवर्गात आयुष्य गेलं, म्हणून विचारते: मुलाची जन्मतारीख काय? वर्गातलं सगळ्यांत लहान पोर तर नाही ना? अनेक देशांत दिसलंय की वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो. साडेचारच्या मुलाला साडेपाचच्या शेजारी बसवून "हा बसत नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही. गुजरातमध्ये आता १ जूनला सहा पूर्ण असल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत, आधी बालवाटिका आहे. म्हणजे घाई करण्यात मतलबच नाही.

शेऱ्यांबद्दल: "दंगा करतो" याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. बाईंना सांगा, कधी, कशानंतर, किती वेळ, ते लिहा. गोष्टीच्या वेळी उठतो की लिहिण्याच्या? डब्याआधी की नंतर? निदानाला घर आणि शाळा, किमान दोन ठिकाणची लक्षणं लागतात, तीही सहा महिने टिकलेली. तेव्हा शाळेची नोंद हवीच. तोवर त्याला पुढे बसवा आणि वह्या वाटायचं काम द्या. उठायचंच आहे तर कामाने उठेल.

दांडियाबाजारची_आई
खूप आभार सगळ्यांचे. बाई, मार्चचा जन्म आहे, वर्गातली बरीच मुलं त्याच्याहून मोठी. हे कुणीच विचारलं नव्हतं.

आमची खरी अडचण घरात आहे. मी दुर्लक्ष करते तोवर आजोबा फोन हातात देतात. ह्यांची शिफ्ट. सासूबाईंना गुजराती येतं, पण असल्या वर्गाला त्या यायच्या नाहीत. आणि आता नवरात्र. रात्री बारापर्यंत सोसायटीचा गरबा, सकाळी पोर भूत.

कारेलीबाग_काकू
आजोबांना नियम सांगू नको, काम दे. स्टिकर लावायचा अधिकार फक्त त्यांचा. फ्रिजवर कागद, रोजच्या दोनच गोष्टी: जेवताना ताटावर बसणं आणि रस्त्यात हात धरणं. आजोबा एकदा स्टिकरवाले झाले की फोन आपोआप मागे पडतो, कारण भाव त्यातच जास्त मिळतो. सासूबाईंना सगळं पटायला नको, "रडला तर दोन मिनिटं बघू नका" एवढं जमलं तरी पुष्कळ.

गरब्याला न्या, पण एक फेरी बघून घरी. अपुऱ्या झोपेने धडधाकट पोरंही अशीच वागतात. त्या दहा दिवसांत नवीन काही सुरू करू नका, दसऱ्यानंतर.

अकोटा_मृण्मयी
माझी मुलगी पाच वर्षांची, कथा हीच. आम्ही ज्यांच्याकडे जातो त्या सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, चार कुटुंबं जमली तर पालकांचा गट घेते, फी वाटली जाईल. आई-बाबा दोघं यायचं, मुलांना आणायचं नाही. मराठी-गुजराती मिसळून बोलतात. त्यांचं नाव इथे नको, निरोपात कळवते.

अलकापुरी_बाबा
आमचंही नाव घाला. बायको म्हणते भांडण पुरे, जाऊन तर बघू. रविवार असेल तर दोघं येऊ.

दांडियाबाजारची_आई
आम्ही धरा. ह्यांची सुट्टी बुधवारी असते, रविवारची अदलाबदल होते का विचारून उद्या सांगते. चौथं कोण?