युरोपात एकटीने फिरणाऱ्या मुलीच्या संपर्काबाबत मदत हवी आहे

माझी २१ वर्षांची मुलगी म्युनिकला शिकते आणि सध्या सुट्टीत साल्झबुर्ग, व्हिएन्ना, प्राग असा प्रवास रेल्वेने एकटीने करत आहे. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे तिची गाडी रात्री अकराला पोहोचते तेव्हा इथे अडीच वाजलेले असतात, आणि पहाटे उठून मला सासूबाईंचे इन्सुलिन व धाकट्याचा डबा पाहायचा असतो. यांची नोकरी फिरतीची असल्याने आळीपाळीने जागणे शक्य नाही.

तिकिटे, हॉस्टेलचे पत्ते, पासपोर्ट व विम्याच्या प्रती माझ्याकडे आहेत. गाडीला झालेला उशीर रेल्वेच्या ॲपवर दिसतो. गूगल मॅप्सवरील लोकेशन बॅटरी उतरते म्हणून तिने बंद केले, आणि वयात आलेल्या मुलीवर दिवसभर पाळत ठेवणे मलाही पटत नाही; मुक्कामी पोहोचल्यावर एक मेसेज, एवढेच ठरले आहे. ११२ हा तिकडचा आपत्कालीन क्रमांक भारतातून लावून उपयोग नाही, म्हणून व्हिएन्ना आणि प्राग येथील भारतीय दूतावासांचे क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवले आहेत.

गाडी वेळेवर पोहोचूनही मेसेज आला नाही आणि फोन बंद लागला, तर किती वेळ थांबावे, आणि पहिला फोन हॉस्टेलला करावा की दूतावासाला?