शब्दचर्चा : ‘छळछावणी’ सगळीकडे चालेल का?

नेरूळहून विचारणा
आमच्या सोसायटीच्या वाचनालयात भिंतीवर काही चित्रं आणि मजकूर लावतोय. विषय असा, की युद्धात बंदूक न उचललेल्या माणसांना कुठे कुठे डांबलं. मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. तीन ठिकाणं घेतलीत : बोअर युद्धातली दक्षिण आफ्रिका (बोअर म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी, लढाई ब्रिटिशांशी), १९४२ नंतर अमेरिकेतले जपानी वंशाचे लोक, आणि १९६२ च्या युद्धात आपणच राजस्थानातल्या देवलीला नेऊन ठेवलेले चिनी वंशाचे सुमारे ३,००० लोक. (देवली. नाशिकजवळची देवळाली नव्हे. दोघांनी आताच ‘दुरुस्त’ करून दिलंय.)

मी तिन्हीकडे ‘छळछावणी’ लिहून मोकळी झाले होते. कच्चा मजकूर वाचून एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे अमेरिकेनंही गॅस सोडला होता का?” मला उत्तर देता येईना. दुसरा शब्द सुचवा.

नौपाड्यातून
आजोबांचा प्रश्न रास्त आहे. ‘छावणी’ तशी निरुपद्रवी. छावणं म्हणजे शाकारणं, वर छप्पर घालणं. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणी करून राहायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या. माझं सासर बीडकडचं. तिथे छावणी म्हटलं की आधी दुष्काळातली चारा छावणी डोळ्यांपुढे येते, दावणीला बांधलेली गुरं आणि उसाचं वाढं. म्हणजे सगळा भार ‘छळ’वर, आणि तो शब्द आपल्या कानात कायमचा हिटलरला चिकटलाय. तो दुसरीकडे लावला की वाचणारा गॅस शोधतो, आणि नाही सापडला तर म्हणतो, “मग एवढं काही नव्हतं.”

पण बोअरांच्या बाबतीत मी तो शब्द सहज सोडणार नाही. ब्रिटिशांनी शेतं-घरं जाळून बायकामुलांना तंबूंत कोंबलं आणि सुरुवातीला त्याला चक्क ‘निर्वासित छावण्या’ म्हटलं. ज्या बाईचा नवरा अजून लढत होता तिचा शिधा कमी, मुलांसकट. एमिली हॉबहाउस नावाच्या इंग्रज बाईंनी १९०१ मध्ये हे स्वतः पाहून इंग्लंडात सांगितलं. गोवर आणि विषमज्वरानं सुमारे २८,००० बोअर गेले, त्यांतली २२,००० च्या आसपास मुलं. शिधा मोजून कमी देणं हा छळ नाही तर काय?

आणखी एक. काळ्या आफ्रिकनांसाठी वेगळ्या छावण्या होत्या, तिथेही निदान १४,००० मेले. ब्लोमफाँटेनचं १९१३ चं स्मारक मात्र बोअर स्त्रिया आणि मुलांचं. ताई, तुमच्या भिंतीवर ही ओळ राहू देऊ नका अशी विनंती नाही, आग्रह आहे… चुकलं, *राहिलीच पाहिजे* असा आग्रह आहे. नकार दोनदा आला की माझं असं होतं.

कळव्याहून
‘नजरकैद’ किंवा ‘स्थानबद्ध’ चालेल ना?

नौपाड्यातून
नजरकैद म्हटलं की पुढारी आठवतो. दारात पहारा, आत पुस्तकं. ‘स्थानबद्ध’ला तर आपल्याकडे मोठी परंपरा : सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत, गांधीजी आणि कस्तुरबा आगाखान पॅलेसात. पण आजचा पेपर उघडा, ‘सराईत गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध’ (गुंडांना खटल्याशिवाय डांबायचा आपल्या राज्याचा कायदा). देवलीला नेलेल्या, आसामातल्या मकुमच्या चिनी सुताराची सहा वर्षांची मुलगी या शब्दात बसवून बघा. कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल, कानाला नाही. आणि ‘युद्धकैदी’ तर नकोच, तो सैनिक असतो. सैनिकाला १९२९ चा जिनिव्हा करार तरी होता, सामान्य माणसासाठी तसा करार व्हायला १९४९ उजाडलं.

उल्हासनगरहून
सरळ ‘कॅम्प’ लिहा. आमच्या इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी माणसं आली. १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं, तरी आजही रिक्षावाल्याला “कॅम्प तीन” असंच सांगतो. लष्कर, निर्वासित, आता जीन्सची दुकानं, सगळं त्या एका शब्दात राहून गेलं.

नेरूळहून
काका, तिथेच तर अडतंय! ‘कॅम्प’मध्ये सगळं मावतं. आमच्या नातवंडांचा समर कॅम्पही.

अमेरिकेचा मजकूर करताना एक गंमत सापडली, गंमत म्हणवत नाही. सरकारी नाव ‘रीलोकेशन सेंटर’. याचं मराठी ‘पुनर्वसन केंद्र’ होईल, आणि नवी मुंबईत, शहरासाठी जमिनी गेलेल्यांच्या शेजारी राहून तो शब्द मी कुठल्या तोंडानं लिहू? भिंतींवर लावलेल्या नोटिशीत तर ‘एलियन आणि नॉन-एलियन’ असे सगळे जपानी वंशाचे लोक, असं होतं. म्हणजे परके आणि बिगर-परके. हे बिगर-परके म्हणजे तिथेच जन्मलेले नागरिक! सुमारे १,२०,००० माणसांतले दोन तृतीयांश. ‘नागरिक’ लिहिलं असतं तर हात अडखळला असता.

घणसोली गावातून
‘कोंडवाडा’ का नको? मोकाट गुरं धरून ठेवायची जागा. सगळ्यांना कळतं.

कळव्याहून
माणसांना गुरांच्या ओळीत बसवणं बरं नाही वाटत.

नेरूळहून
बसवलंच होतं हो. सॅन फ्रान्सिस्कोजवळ टॅनफोरनचं रेसकोर्स होतं, तिथे घोड्यांच्या ठाणात कुटुंबं ठेवली. घाईनं चुना फासला होता, खाली घोड्यांचा वास तसाच. येताना हातात मावेल तेवढंच सामान, आणि कोटाला कुटुंबाच्या नंबराची चिठ्ठी बांधलेली. १९८८ च्या कायद्यानं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्यांची मुलं-नातवंडं आज ‘इंटर्नमेंट’ (स्थानबद्धता) हा शब्दही नको म्हणतात, तो परक्या देशाच्या माणसांना लागतो, आम्ही नागरिक होतो, आमचा हा तुरुंगवास होता म्हणतात.

नौपाड्यातून
मग ‘कोंडछावणी’ करून पाहा. कोशात नसेल, पण वाचताना कुणी अडणार नाही. आणि ताई, नामाइतकंच क्रियापद बघा. तुमच्या मसुद्यात तीनदा ‘हलवण्यात आले’ आहे. कोणी हलवलं? देवलीच्या पाटीवर तर हे लिहायलाच हवं, तिथे हलवणारे आपण.

नेरूळहून
बदललं. बोअर : ‘छळछावणी’, शिध्याच्या ओळीसकट, खाली काळ्या आफ्रिकनांची स्वतंत्र पाटी. अमेरिका आणि देवली : ‘कोंडछावणी’. देवलीची ओळ अशी : “नोव्हेंबर १९६२ पासून भारत सरकारने आसाम, बंगालमधून चिनी वंशाच्या कुटुंबांना रेल्वेने आणून इथे कोंडले. काही जण १९६७ पर्यंत इथेच होते.” टॅनफोरनच्या चित्राखाली ‘तबेल्यात’ लिहिलंय.

उल्हासनगरहून
‘तबेल्यात’च ठेवा. कोणीतरी येऊन ‘अश्वशाळेत’ करेल, करू देऊ नका.