अभ्यासिकेसाठी दीड लाख उभे करायचेत, यात्रा अडीच महिन्यांवर आलीये, सुरुवात कुठून करू?

घेवडावाला_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. तरुण मंडळ आहे, गणपती आणि शिवजयंती दरवर्षी जोरात होते, डीजेला पैसे कधी कमी पडले नाहीत 😅 पण यंदा आम्ही ठरवलं की जुन्या शाळेची एक खोली रिकामी पडलीये तिथं अभ्यासिका करायची. गावातली वीस-पंचवीस पोरं-पोरी पोलीस भरती आणि एमपीएससीचा अभ्यास करतात, घरात जागा नाही, कोणी देवळात बसतं तर कोणी मळ्यात मोटरच्या खोलीत.

खर्च काढलाय. टेबल-खुर्चीचे 30 सेट 84,000, इन्व्हर्टर-बॅटरी 26,000, पत्रे दुरुस्ती 22,000, पुस्तकं 15,000, वायरिंग आणि पंखे 8,000. म्हणजे 1,55,000. हातात 18,000 आहेत. व्हॉट्सअॅप स्टेटसला खजिनदाराचा क्यूआर कोड टाकला होता, तीन दिवसांत 2,350 रुपये आले, त्यातले हजार माझ्या मामाचे. चैत्रात यात्रा आहे, तेव्हा सगळे मुंबईकर गावात असतात म्हणून यात्रेच्या आदल्या रात्री तिकीट लावून ऑर्केस्ट्रा आणायचा विचार चाललाय. कुणी असं केलंय का? जमतं का? आणि ग्रुपवर कोणी रिप्लायच देत नाही त्याचं काय करायचं?

पावतीबुक

ऑर्केस्ट्रा डोक्यातून काढून टाका आधी. आम्ही वाचनालयाच्या इमारतीसाठी केलेला. स्टेज, लाईट, साउंड, कलाकारांचं मानधन, त्यांची जेवणं धरून 85,000 घातले आणि तिकिटाचे आले 61,000. का, तर गावात तिकीट काढून कोणी येत नाही, सगळ्यांना पास पाहिजे, सरपंचाला दहा, सोसायटीच्या चेअरमनला दहा, ज्यानं मांडव दिला त्याला वीस. त्यात साडेआठला सुरू होणारा कार्यक्रम पाहुण्यांच्या सत्कारामुळे सव्वानऊला सुरू झाला आणि दहाला पोलिसांनी येऊन माईक बंद केला, नियमच आहे तो, त्यांची चूक नाही. लोक म्हणाले पाऊण तासाचे शंभर रुपये घेतले. 24,000 चा खड्डा आम्ही सात जणांनी खिशातून भरला आणि पुढं वर्षभर कोणाकडं वर्गणी मागायला तोंड उरलं नाही.

आता क्यूआरचं. स्टेटस बघून पैसे कोणी देत नाही भाऊ, दारात माणूस गेला की देतात. दोघं-दोघं जा, एक त्या घराच्या ओळखीचा आणि एक पावती लिहिणारा. संध्याकाळी सातनंतर जा, धारा काढून झालेल्या असतात, घरात माणूस भेटतं. आणि पहिली पावती मंडळाच्या अध्यक्षाची फाडायची, दुसरी खजिनदाराची, तिसरी तुझी. समोरचा माणूस पावतीपुस्तक हातात घेऊन आधी मागची पानं उलटतो हे लक्षात ठेव. अध्यक्षानं 101 दिलेले दिसले की तो 51 च काढणार. आमच्या अध्यक्षानं 5,000 ची फाडली होती, त्या पुस्तकात 500 च्या खाली एकच पावती होती, ती पण एका म्हाताऱ्या आजीची, तिनं कनवटीची 20 ची नोट काढून दिली आणि पावती घडी करून देव्हाऱ्यात ठेवली.

पुस्तकाचा हिशोब मात्र कडक ठेवा. कोणतं पुस्तक कोणाकडं, कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत, हे वहीत लिहून सही घ्यायची. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, रद्द लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. आमच्या एका पोराकडून 37 ते 41 अशी पाच पानं गहाळ झाली, पाऊस लागून खराब झालेली त्यानं टाकून दिली बिचाऱ्यानं, पैशाची काही भानगड नव्हती. पण पारावर दोन वर्षं तोच विषय होता, पाच पावत्या कुठं गेल्या.

सुगरण_नाही_पण_हिशोबी

मी बचत गटातली आहे, आमच्याकडे दोन दिवाळ्या फराळ विकून शाळेच्या मुलींच्या कबड्डी टीमसाठी पैसे उभे केले. फराळ चालतो पण आधी ऑर्डर आणि निम्मे पैसे घ्यायचे मगच कढई चढवायची, पहिल्या वर्षी आम्ही अंदाजानं 40 किलो चकली केली आणि 11 किलो उरली, भाऊबीजेपर्यंत चकलीच खात होतो. दुसरी चूक म्हणजे तळायला बसलेल्या बायकांची मजुरीच कोणी धरली नव्हती. कागदावर नफा 19,000 दिसत होता पण तो आमच्या सहा जणींच्या कंबरेतून आलेला. दुसऱ्या वर्षी किलोमागं मजुरी धरली, नफा कमी दिसला पण बायका परत आल्या. मंडळाची पोरं "आईला सांगतो करायला" म्हणत असतील तर त्यांना आधी स्वतः एक घाणा तळायला बसवा.

पण तुमची वेळ दिवाळीची नाहीच, तुमची वेळ वाळवणाची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुरडया, पापड, सांडगे, सांडगी मिरची सगळं होतं आणि यात्रेला आलेले मुंबईकर जाताना पिशव्या भरून हेच नेतात. आणि तुझं नावच घेवडावाला आहे, मग विचार कसला करतोस! कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन आहे, म्हणजे तो खास इथलाच अशी सरकारी ओळख आहे, मुंबईत त्याला राजम्याच्या रांगेत बसवतात. गावात रोख पैसे मागितले तर माणूस विचार करतो पण दोन किलो घेवडा द्यायला कोणी नाही म्हणत नाही. प्रत्येक घरातून घेवडा गोळा करा, निवडून अर्धा-अर्धा किलोची पाकिटं करा, वर "आपल्या गावचा घेवडा, अभ्यासिकेसाठी" एवढंच छापा. माल फुकट आलेला, खर्च फक्त पिशवी आणि लेबलचा. पाकीटबंद खाण्याचं विकताय म्हणून एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी बघा, उलाढाल कमी असेल तर साधी नोंदणी होते, नाहीतर गावातल्या ज्या गटाकडं ती आधीच आहे त्यांनाच हे काम द्या आणि त्यांचा वाटा ठेवा.

पावतीबुक

हे भारी आहे. आणि साताऱ्यात नवीन पण नाही बरं का, कर्मवीर अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड हाच होता, बायका रोज दळणा-कांडणातली एक मूठ बाजूला काढायच्या आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. ज्या घरात रोकड नव्हती ते घर पण देणगीदार झालं.

अर्धा_सीए

दोन-तीन गोष्टी कागदाच्या सांगतो, कंटाळवाण्या आहेत पण नंतर रडण्यापेक्षा बऱ्या.

खजिनदाराचा वैयक्तिक क्यूआर आजच काढा. त्याच्या खात्यात त्याचा पगार, ट्रॅक्टरचा हप्ता आणि मंडळाचे पैसे एकत्र झाले की तो कितीही प्रामाणिक असला तरी हिशोब दाखवता येत नाही. मंडळाच्या नावानं खातं, तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि क्यूआर त्याच खात्याचा.

तुमचं मंडळ रजिस्टर आहे का ते लिहिलं नाहीस. नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 चं कलम 41क, गणपतीला मंडळं घेतात तीच भानगड. अभ्यासिका कायम चालवायची असेल तर सरळ संस्था नोंदवा, 1860 च्या कायद्याखाली कमीत कमी सात सभासद लागतात, काम धर्मादाय कार्यालयातच होतं. अडीच महिन्यांत सगळं होईल याच्या भरवशावर मात्र राहू नका.

80जी म्हणतात ती, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळायची मान्यता, त्यावरून लोक फार उड्या मारतात. ती संस्थेला वेगळी मिळवावी लागते, नुसतं रजिस्ट्रेशन झालं म्हणून मिळत नाही. मिळाली तरी 2,000 च्या वरची रोख देणगी त्यात बसत नाही, वस्तू दिली तर बसत नाही (म्हणजे कुणी टेबलच आणून दिलं तर पावती द्या, पण 80जी चं नाव काढू नका) आणि देणारा नवीन करप्रणालीत असेल तर त्याला वजावट मिळतच नाही. गावातल्या 500 वाल्या देणगीदाराला याचं काही पडलेलं नसतं, तेव्हा यासाठी थांबू नका.

आणि गावचं कोणी परदेशात असेल तर एक बघा. भारतीय पासपोर्टवाला दुबईत नोकरी करून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे परदेशी देणगी धरले जातात आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय घेता येत नाहीत. आमच्याकडं एका संस्थेनं अमेरिकेतल्या काकांचे असे 40,000 घेतलेले, मग कुणीतरी सांगितल्यावर घाबरून धावाधाव.

अजून एक, शाळेची खोली कुणाच्या मालकीची आहे? जिल्हा परिषदेची असेल तर लेखी परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. पत्रे तुम्ही बदलायचे आणि सहा महिन्यांनी तिथं दुसऱ्याच कोणाचं गोडाऊन व्हायचं.

कोपरखैरणे_ते_कोरेगाव

मी त्या मुंबईकरांपैकी एक, वडील वाशी मार्केटला माथाडी होते, आता मी इकडंच नोकरी करतो. आमच्या बाजूनं सांगतो. यात्रेला आलो की पहिल्या दोन तासांत चार पुस्तकं समोर येतात. पालखीची वर्गणी, कुस्त्यांच्या फडाची, मंदिराच्या कळसाची, त्यात तुमची पाचवी. त्या दिवशी मागितलं तर 100 रुपये देऊन सुटणार माणूस. यात्रेच्या महिनाभर आधी मुंबईत या. एका रविवारी कोपरखैरणे नाहीतर घणसोलीत गावच्या कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये गावकी बोलवा, तीस-चाळीस माणसं सहज जमतात. येताना त्या खोलीचे फोटो आणा, आणि मोटरच्या खोलीत अभ्यास करणारी एखादी पोरगी बरोबर आणा, भाषण तुम्ही करू नका, तिलाच पाच मिनिटं बोलू द्या.

आणि दीड लाख मागू नका. दीड लाख ऐकलं की माणूस मोबाईल बघायला लागतो. 84,000 भागिले 30 म्हणजे एक टेबल-खुर्ची 2,800 ला पडते, तेवढं मागा. माझ्यासारखा माणूस वडिलांच्या नावानं एक टेबल देईल, टेबलाच्या कडेला छोटी पट्टी लावा "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", संपलं. बॅटरी नोकरीला लागलेल्या पाच पोरांनी मिळून घ्यावी. पत्रे गावातल्या सेंट्रिंगवाल्यांना सांगा, ते मजुरी नाहीतरी घेणार नाहीत.

पुढाऱ्याचं पण ऐकून ठेवा. कोणीतरी येईलच, 51,000 देतो म्हणेल, दारावर फोटो लावा म्हणेल. पैसे घ्यायचे का नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी घ्या म्हणेन, पण फलकावर सगळ्यांची नावं एकाच मापाच्या अक्षरात असतील हे आधी सांगून. आमच्या शेजारच्या गावात व्यायामशाळेवर एकाचं नाव चढलं आणि दुसऱ्या पार्टीची पोरं तिकडं फिरकेनाशी झाली, आता तिथं वजनांना गंज चढलाय.

सुगरण_नाही_पण_हिशोबी

+1. आणि सुरू झाल्यावर लाईट बिल, पेपर, झाडलोट याचे पैसे कुठून येणार ते कोणीच विचारलं नाही. खोली उभी करायला सगळे देतात, बिल भरायला कोणी देत नाही. नोकरीला लागलेल्या पोरांकडून महिन्याला 100 रुपये, 60 जण मिळाले तरी महिन्याला 6,000 झाले.

घेवडावाला_पोरगा

मंडळी खरंच आभार, काल रात्री सगळ्यांना हे वाचून दाखवलं. ऑर्केस्ट्रा कॅन्सल, ज्याच्या डोक्यातनं आलेला तो थोडा रुसलाय. क्यूआर काढला, मंडळ रजिस्टर नाहीये हे पण काल कळलं (आम्हाला वाटायचं गणपतीची परवानगी म्हणजेच रजिस्ट्रेशन 🤦), त्यामुळं सोमवारी दोघं जण साताऱ्याला धर्मादाय ऑफिसला चाललेत. ग्रामसेवकांना खोलीचं विचारलंय.

घेवड्याची आयडिया तर आज सकाळीच चालू केली, फक्त आमच्या आळीतली अकरा घरं फिरलो आणि 31 किलो जमला! एका काकांनी सहा किलो दिला आणि म्हणाले रोख मागितली असती तर पळवून लावलं असतं. आता आमच्या ओट्यावर आजी आणि तिच्या दोन मैत्रिणी निवडत बसल्यात, खडे एका वाटीत आणि किडके एका वाटीत. आजी विचारतेय मजुरी किती देणार. अध्यक्षाला 5,000 च्या पावतीचं सांगितलं तर तो म्हणाला विचार करून सांगतो.

एक शंका राहिली, अर्धा किलोच्या पाकिटाला किती लावू? कोपरखैरणेवाले दादा, तुमच्याकडं दुकानात काय भाव आहे?

कोपरखैरणे_ते_कोरेगाव

संध्याकाळी खाली जाऊन विचारून सांगतो. त्यापेक्षा दहा जास्त लावा, आणि माझी पाच पाकिटं आत्ताच लिहून घ्या. अध्यक्षांचा नंबर मेसेज करा, त्यांच्याशी मी बोलतो, आमचे भावकीतलेच असणार.