तुमच्या टीममधून कोण गेला तेव्हा सगळ्यात जास्त लागलं? (अनुभव धागा)

लालपांढरे_पट्टे
परवा भाच्याला घेऊन फॅशन स्ट्रीटला गेलो होतो. नवव्या वाढदिवसाला फुटबॉलची जर्सी कबूल केली होती. दुकानदाराने काठीने वरून एकेक काढून दाखवली. मँचेस्टर सिटी, आर्सेनल, लिव्हरपूल, रिआल माद्रिद, बार्सा, मँचेस्टर युनायटेड, चेल्सी. मी विचारलं, साउथॅम्प्टनची आहे का? त्याने नाव दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'साहब, जो चलता है वोही रखता हूँ.' त्याचं बरोबरच आहे, पण मला घरी येईपर्यंत चैन पडलं नाही.

२०१३-१४ ला मी नालासोपाऱ्याला राहायचो. कोच पोचेटिनोच्या त्या साउथॅम्प्टनवर जीव जडला. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आठवे आलो होतो. रिकी लँबर्टने तर एके काळी बीटच्या बरण्यांना झाकणं लावायचं काम केलेलं, तो माणूस इंग्लंडकडून खेळला! आणि मग २०१४ चे जून-जुलै. लँबर्ट, लल्लाना, लोव्हरेन तिघे लिव्हरपूलला, ल्यूक शॉ युनायटेडला, चेंबर्स आर्सेनलला. दोन महिन्यांत पाच जण. लल्लाना आमचा कॅप्टन. त्याची बातमी मी विरार लोकलच्या दाराशी पावसात भिजत वाचली. शेजारच्याने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

तेव्हापासून आपल्याकडे कोणी चांगला खेळायला लागला की आनंदाच्या आधी धास्ती वाटते. मे २०१५ मध्ये सादियो मानेने ॲस्टन व्हिलाला २ मिनिटं ५६ सेकंदांत तीन गोल मारले. प्रीमियर लीगचा विक्रम. मी नाचत होतो आणि नाचतानाच मनात आलं, हा पण जाणार. पुढच्याच वर्षी गेला, लिव्हरपूललाच. जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइक साडेसात कोटी पौंडांना, तोही तिकडेच. आम्ही २०२३ ला खाली, म्हणजे खालच्या डिव्हिजनला गेलो, वर आलो, आणि २०२४-२५ च्या अख्ख्या सीझनमध्ये १२ पॉइंट. सात मॅच शिल्लक असतानाच परत खाली.

मोठ्यांचं आणि मधल्यांचं अंतर वाढतंय यावर लेख भरपूर आहेत. मला तुमचे अनुभव हवेत. कोण गेला, तुम्ही कुठे होतात, काय वाटलं. टीम कुठलीही चालेल, गल्लीतली पण.

चौथा_मजला
लेस्टर. ३ मे २०१६, रात्रीचे सव्वादोन वाजून गेलेले, लालबाग. चेल्सी-टॉटनहॅम चालू होती, लेस्टर मैदानात पण नव्हतं, पण टॉटनहॅम जिंकलं नाही की आम्ही चॅम्पियन. चेल्सीच्या हॅझार्डने २-२ केलं आणि मी उशी तोंडावर दाबून ओरडलो. आजी उठलीच. 'पाणी आलं का रे?' म्हणाली. म्हटलं, आजी, आम्ही चॅम्पियन झालो. 'बरं झालं बाळा' म्हणून परत झोपली. ५००० ला १ भाव होता त्या टीमचा!

अडीच महिन्यांत कान्टे चेल्सीला. सकाळी चहा घेताना मी म्हटलं, आजी, आमचा एक गेला. तिचा कप तिथेच थांबला. 'अरे देवा, कुठल्या मजल्यावरचा?'

नंतर २०१८ ला माहरेझ सिटीला गेला, २०१९ ला मॅग्वायर आठ कोटी पौंडांना युनायटेडला, चिलवेल चेल्सीला. २०२३ ला आम्ही खाली. सात वर्षांत राजा ते पायरीवर. आजी २०१९ ला गेली. ती रात्रीची दोन-अडीचची वेळ अजून तशीच्या तशी आठवते.

कोपऱ्यावरचा
आजीला नमस्कार _/\_ आम्ही पण लालबागचेच. कुठली चाळ?

चौथा_मजला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ईगल७७
क्रिस्टल पॅलेस. १७ मे २०२५, एफए कप फायनल, सिटीला १-० ने हरवलं. गोल एझेचा. क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. मी जोगेश्वरीच्या खोलीत एकटा रडलो. ऑगस्टमध्ये एझे आर्सेनलला. तीनच महिने झाले होते हो.

न्यूकॅसलवाल्यांचं तेच. मार्चमध्ये लीग कप जिंकले, देशातली ट्रॉफी ७० वर्षांनी, आणि सप्टेंबर उजाडला तेव्हा इसाक लिव्हरपूलला, साडेबारा कोटी पौंड. त्यांचे मालक तर सौदीचे, त्यांना पैसा कमी आहे का? तरी गेलाच.

हिशेबनीस
@ईगल७७ तिथेच तर मेख आहे. लोकांना वाटतं टीव्हीचे पैसे मोठे क्लब खातात. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथली टीव्हीची वाटणी बरीच समान आहे, तळाच्या क्लबलाही वर्षाला १० कोटी पौंडांच्या आसपास मिळतात, आणि पहिल्या-शेवटच्यात दुपटीचाही फरक नसतो. फरक पडतो तो त्यावरच्या पैशाने. चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या वरच्या क्लबांची स्पर्धा), जगभरचे स्पॉन्सर, साठ-सत्तर हजारांचं स्टेडियम. जो दरवर्षी चॅम्पियन्स लीगला जातो त्याची कमाई वाढते, त्यातून तो चांगले खेळाडू घेतो, म्हणून परत जातो. चक्रवाढ व्याजच.

त्यात २०२५-२६ पर्यंत नियम असा होता की तीन वर्षांत मिळून तोटा १०.५ कोटी पौंडांच्या वर नको. मालक कितीही श्रीमंत असला तरी क्लबची स्वतःची कमाई असेल तेवढंच पांघरूण. नियम चांगल्या हेतूने आला, क्लब कर्जात बुडू नयेत म्हणून. पण ज्याची कमाई आधीच मोठी, त्याचं पांघरूण मोठंच राहिलं.

आणि सगळ्यात वाईट भाग. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून लिहितात, त्यामुळे त्याला विकलं तर नफा मोजताना उरलेली किंमत वजा होते. आपल्या अकॅडमीत वाढवलेल्या मुलाची वहीत किंमतच शून्य, म्हणजे विकला की सगळा नफा. हिशेब जुळवायला आधी घरचं पोर विकलं जातं. मी रोज ताळेबंदच बघतो, पण हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पोटात कालवलं.

२०२३-२४ ला वर आलेले तिन्ही क्लब खाली गेले, २०२४-२५ ला पुन्हा तिन्ही. यावरून समजा.

लालपांढरे_पट्टे
घरचं पोर विकलं जातं. शॉ, चेंबर्स, लल्लाना, तिघेही आमच्या अकॅडमीचे. आता कळलं.

आकाशी_निळा
मी सिटीवाला. शिव्या घालायच्या तर घाला, पण माझं पण ऐका. मे १९९९ मध्ये सिटी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं, वेम्ब्लीवर गिलिंगहॅमविरुद्ध ०-२, शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल आणि पेनल्टीवर वर आलो. माझा मोठा भाऊ तेव्हापासूनचा. २००८ ला अबूधाबीचा पैसा आला तेव्हा त्याला वाटलं आपले दिवस आले. त्याने काय नको म्हणायचं होतं?

पण एक खरं सांगतो. २०१९ ला आमच्या सिटीच्याच मालकांच्या ग्रुपने मुंबई सिटी घेतली. त्यांच्या मॅचला मी पहिल्यापासून जातोय, २०१४ पासून, आधी नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला, मग २०१६ पासून अंधेरीच्या स्टेडियमला. २०२०-२१ ला आयएसएलची (आपल्या देशातली मोठी लीग) शील्ड आणि कप दोन्ही जिंकलो, तेव्हा करोना, सगळ्या मॅच गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. घरात बसून आनंद केला. माझ्या बाजूच्या सीटवर एक काका बसायचे, डब्यात थालीपीठ आणायचे, हरलो तरी वाटायचे. स्टेडियम पुन्हा उघडलं तेव्हा ते दिसले नाहीत. ते असते तर बरं वाटलं असतं.

गिरणगाव_परत
इंग्लंडचं मला फार कळत नाही, मुलगा बघतो. पण माणसं जाणं म्हणाल तर ते आमच्या घरात घडलेलं.

बाबा एका गिरणीच्या टीममध्ये राइट हाफ. तेव्हा ट्रान्सफर फी वगैरे नाही, नोकरी हाच पगार. सकाळी हजेरी लावायची, अकराला ग्राउंड. मुंबईतली हारवूड लीग खेळायचे. रोव्हर्स कप बघायला कूपरेजला माणूस मावायचा नाही. बाबांच्या लहानपणी हैदराबाद पोलीस लागोपाठ पाच वर्षं जिंकलेले, १९५० ते ५४, ते आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिल्याचं सांगायचे. बुटांना खालून चामड्याचे गोल खिळ्यांनी ठोकलेले असायचे, खिळा वर आला की पाय रक्ताळायचा. आई शनिवारी रात्री बूट उलटे करून पाट्याच्या वरवंट्याने खिळे बसवायची. तो आवाज अजून कानात आहे.

त्यांच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड एका मोठ्या कंपनीने उचलला. नोकरी कायम आणि वर क्वार्टर. इकडे दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. तो बाबांना भेटायला आला, दोघे जिन्यात बसले तासभर. बाबा वर आले आणि आईला म्हणाले, मी असतो तर मीही गेलो असतो. त्या वर्षी टीम खालच्या डिव्हिजनला गेली.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप. टीम काय, गिरणीच राहिली नाही. आता तिथे टॉवर आहे. बाबा समोरून जाताना मान वळवून बघायचे नाहीत.

चौथा_मजला
काका, हे वाचून थांबलो. माझे आजोबा पण संपातले.

कोपऱ्यावरचा
अगदी. भाजी करपली माझी वाचता वाचता.

रंकाळा_ते_भांडुप
आमच्या कोल्हापुरात काय वेगळं आहे सांगा. पेठेतली पोरं पेठेच्या तालमीकडून खेळायची, शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानं अर्धी बंद. आता ज्या तालमीकडे पैसा, ती बाहेरून खेळाडू आणते. आमच्या गल्लीतला एक विंगर, डावा पाय सोन्याचा, सीझनच्या तोंडावर दुसऱ्या पेठेकडून खेळला. त्याच्या आईला बायका नळावर बोलेनात. पोरगं चांगलं आहे हो, बहिणीचं लग्न होतं त्या वर्षी.

मटणाचा विषय काढत नाही, धागा भरकटेल.

ईगल७७
काढा की. रविवार आहे.

सेकंड_हाफ
सगळे जाणाऱ्यांचंच लिहिताय. मिझोरामचं ऐजॉल आठवा. २०१६-१७ ची आय-लीग, देशातली तेव्हाची अधिकृत वरची लीग. आदल्या सीझनला खाली घसरलेली टीम, परत घेतली गेली, आणि कोच आपल्या मुंबई एफसीतून गेलेला खालिद जमील. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये १-१ आणि चॅम्पियन. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळूरू सगळे मागे. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्याने बघितली. पण चॅम्पियन होऊनही त्यांना आयएसएलचं दार उघडलं नाही. आय-लीग जिंकून आयएसएलला वर जायची सोय झाली ती २०२२-२३ ला, पंजाब पहिले. ऐजॉलचं मला आजही लागतं.

कीपरची_आई
मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणून लिहू की नको करत होते.

मुलगा अकरा वर्षांचा असताना मालाडला एका छोट्या क्लबात जायचा. सर फी अर्धीच घ्यायचे. कीपरचे ग्लोव्हज त्यांनीच आणून दिले, दोन नंबर मोठे, मनगटाला मी केसांचं रबर बांधून द्यायचे. गेल्या वर्षी मोठ्या अकॅडमीने त्याला निवडलं. हिरवंगार टर्फ, डाएट, फिजिओ, फी माफ. नाही कोण म्हणेल.

सरांना सांगायला मी एकटीच गेले. ते सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होते. म्हणाले, 'जाऊ द्या ताई, इथे ठेवून मी त्याला काय देणार?' ग्लोव्हज परत द्यायला काढले तर घेतले नाहीत. नंतर कळलं त्या महिन्यात त्यांची चार मुलं गेली, अंडर-१३ ला अकरा जमेनात म्हणून टीमच उतरवली नाही. मुलगा खूश आहे. मी रस्त्यात सर दिसले की आधी त्यांच्या हाताकडे बघते, कोनांची पिशवी आहे का.

लालपांढरे_पट्टे
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. सरांची टीम आहे ना अजून?

कीपरची_आई
हो, या वर्षी पुन्हा जमवलीय. पुढच्या रविवारी आमच्याशीच मॅच आहे, सकाळी साडेसात, कूपरेज. मला रात्रीची झोप नाही.

लालपांढरे_पट्टे
भाच्याला घेऊन येतो. त्याने शेवटी ॲटलेटिको माद्रिदची घेतली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, आमच्या साउथॅम्प्टनसारखीच. मापाने मोठीच घेतली, वाढतं अंग आहे.

गिरणगाव_परत
मी पण येतो. बऱ्याच वर्षांत आत गेलो नाही. चर्चगेटहून चालत किती लागतात आता?

कोपऱ्यावरचा
पंधरा मिनिटं, काका. चर्चगेटला सातला भेटा, मी बरोबर येतो.