शाळा सुटल्यावरचा कॉम्प्युटर क्लब: पोरांना शिकवणाऱ्या ताईचं मानधन कुठून आणायचं?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव भोर तालुक्यात, शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोनशिक्षकी, पट ३८. पोरगी तिसरीत आहे म्हणून मागच्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं, घेतलं म्हणजे मीटिंगला मी एकटाच वेळेवर गेलो होतो. तर झालं असं की माझ्या चुलतभावाने पुण्याहून चार जुने लॅपटॉप आणून दिले आणि गावातलीच एक बीएस्सी झालेली मुलगी म्हणाली मी शिकवते, मग शाळा सुटली की मंगळवार शुक्रवार तासभर क्लब सुरू केला. क्लब म्हणजे काय, व्हरांड्यात सतरंजी, चार लॅपटॉप, एकेकावर चार-पाच पोरं. स्क्रॅच नावाचं पोरांना कोडिंग शिकवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे ना, सूचना देऊन मांजर हलवायचं, ते ऑफलाइन टाकलंय. पहिल्या दिवशी एका पोराने माऊस टेबलावर फिरवायच्या ऐवजी हवेत उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा स्क्रीनवर धरला होता, आता तेच पोर मांजराला पायऱ्या चढवतंय.

आठ महिने ताईंनी एक रुपया घेतला नाही. पण आता त्यांना शिरवळला कंपनीत काम मिळतंय आणि त्यांना थांबा म्हणायचा आम्हाला काय अधिकार. त्या म्हणतात महिन्याला चार हजार तरी मिळाले तर घरच्यांना सांगता येईल. दहा महिन्यांचे चाळीस हजार, वर लाईट, रिचार्ज, दुरुस्ती धरून वर्षाला पंचावन्न हजाराचा मेळ घालायचाय. काही पालक म्हणतात पोरामागे महिना शंभर रुपये काढू, विषय संपला. मला ते पटत नाहीये कारण निम्मी घरं मजुरीवर आहेत. सरकारी पैसा, कंपनीचा पैसा, काहीही चालेल पण नियमात बसणारं हवं. कुणी केलंय का असं?

---

खडूफळा

दादा, मी १९ वर्षं झेडपीत शिक्षक आहे, आधी एकच सांगतो, ते शंभर रुपये काढू नका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्या शाळेत शिक्षण फुकट, आणि त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. उद्या तुमचे सर कौतुकाने क्लबला बसले आणि तिकडे कुणीतरी पोरांकडून पैसे घेतात असा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला तर तुमचा क्लब राहील बाजूला आणि सर खुलासे लिहीत बसतील. शिवाय ज्याच्या घरून शंभर आले नाहीत ते पोर त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी जातं. हे मी सहलीच्या वर्गणीला दरवर्षी बघतो.

आता पैसा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं ते पटावर ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार, असं वर जातं. म्हणजे तुम्हाला २५ हजारांचा टप्पा लागू. पण उड्या मारू नका, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात, उरलेल्यात लाईटबिल, खडू, रजिस्टर, गळणारे पत्रे आणि पंधरा ऑगस्टचा मंडप. दुरुस्ती, माऊस, एक्स्टेन्शन बोर्ड असं किरकोळ त्यातून समितीचा ठराव करून घ्या. ताईंचं मानधन त्यातून काढायला जाऊ नका, ऑडिटला अडकाल.

आणि एक अनुभवाचं. आमच्या आधीच्या शाळेला एका मोठ्या माणसाने २० टॅब दिले. फेटे, नारळ, पेपरात फोटो. मग कपाटाची किल्ली एकाकडे, चार्जर दुसऱ्या कपाटात, शिकवायला कोणी नाही, मे महिन्याची सुट्टी उलटून जूनमध्ये कपाट उघडलं तर निम्म्या टॅबच्या बॅटऱ्या फुगून काचा वर आलेल्या. तुमच्याकडे चार भंगार लॅपटॉप आणि एक माणूस आहे, म्हणजे तुम्ही आमच्यापेक्षा श्रीमंत.

---

पाढे_पाठ

चौथीच्या पोरांना कॉम्प्युटर कशाला पण? आधी पाढे येऊ द्या, भागाकार येऊ द्या. नव्या शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंग सहावीपासून आहे. अटल टिंकरिंग लॅब या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या सरकारी योजनेचे २० लाख मिळतात तेही सहावी ते बारावीच्या शाळांना. सरकारने काहीतरी विचार केलाच असेल की.

---

ओढ्याकाठचा

@पाढे_पाठ तुमचं चूक नाही पण क्लबात कोडिंग थोडंच असतं हो. मागच्या महिन्यात ताईंनी पोरांना सांगितलं घरी आजीला विचारून एक भाजी कशी करतात ते मराठीत टाईप करा. एका पोरीला 'क्ष' कुठून काढायचा तेच कळेना, अर्धा तास क, हलंत, ष करत बसली, बरं शब्द होता काय तर 'द्राक्ष', आणि भाजी होती वांग्याची! द्राक्ष कशाला म्हटलं तर म्हणे आजी म्हणते वांगी द्राक्षाएवढी कोवळी घ्यायची. आता हे वाचन-लेखन नाही तर काय आहे. आणि मांजराला दहा पावलांनी सहा वेळा चालवलं की साठ होतात हे पोरांना पाढ्याशिवायच कळलं, पण जाऊदे तो वेगळा वाद.

---

माजी_मेंबर

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो म्हणून इथे बोलतो. सगळे आधी आमदार निधी म्हणतात. आमदार निधी, खासदार निधी (खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात) यातून खोली बांधून मिळेल, प्रोजेक्टर मिळेल, म्हणजे टिकाऊ मालमत्ता. कुणाचा पगार त्यातून होत नाही. केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशाचंही तेच रडगाणं. पंधराव्या आयोगाचा (२०२१ ते २०२६) ६० टक्के पैसा बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेला, राहिला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेला वापरता येतो पण पगार आणि आस्थापना खर्च सोडून. म्हणून गावोगाव शाळेत स्मार्ट टीव्ही भिंतीला टांगलेले दिसतात, कारण टीव्हीचं बिल लागतं, माणसाचं लागत नाही.

तुमचं काम ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून होऊ शकतं, म्हणजे घरपट्टी, गाळ्याचं भाडं वगैरे. त्यात १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात आणि बऱ्याच ठिकाणी तो पैसा मार्चमध्ये कुठेतरी शिलाई मशीन नाहीतर अंगणवाडीच्या खेळण्यांवर घाईघाईत उडवतात. मुलींचं प्रशिक्षण, मुलांचे उपक्रम म्हणून त्यात विषय बसवता येईल का ते ग्रामसेवकाला आत्ताच विचारा, मार्चमध्ये नको. लहान गाव असेल तर १० टक्के म्हणजे फार मोठी रक्कम नसते हेही आधीच सांगून ठेवतो, घरपट्टीची वसुली किती होते त्यावर आहे सगळं. पण वर्षाला पंधरा-वीस हजार सुटले तरी पाया झाला.

पद्धत अशी की आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापक सचिव असतात त्यांच्या सहीने, मग तो ग्रामपंचायतीला आणि मग ग्रामसभेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नाव आलं पाहिजे, नाहीतर नंतर सगळे 'तरतूद नाही' म्हणून हात वर करतात. आणि ग्रामसभेला बाया आणा. पोरांच्या आया उभ्या राहिल्या की विषय टळत नाही, हे मी समोरच्या खुर्चीत बसून भोगलंय.

---

दोनटक्के

मी एका कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाच्या विभागात आहे, नाव नको. आतलं चित्र सांगतो.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कंपनी ज्या भागात आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो, त्यामुळे तुमच्यासाठी शिरवळच्या आणि खेड शिवापूरच्या पट्ट्यातल्या कंपन्या. पण पैसा शाळेच्या किंवा समितीच्या खात्यात थेट टाकायला आमच्याकडे कोणी तयार होत नाही. मध्ये संस्था लागते, रजिस्टर्ड, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या असलेली, आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचा सीएसआर-१ हा सरकारी नोंदणी नंबरही लागतो. तुम्ही स्वतः संस्था काढायला निघालात तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या चकरा, सीएची फी, दरवर्षी ऑडिट, पंचावन्न हजारासाठी एवढं करू नका. तालुक्यात आधीपासून काम करणारी एखादी संस्था गाठा आणि तिच्या नावाखाली क्लब चालवा.

दुसरं म्हणजे, खरं सांगू का, पंचावन्न हजार फार कमी आहेत. हसू नका. आमच्याकडे पन्नास हजाराच्या फाईलला आणि पंधरा लाखाच्या फाईलला कागद तेवढेच लागतात, मग साहेब पन्नास हजारवाली बाजूला ठेवतात. त्यापेक्षा तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, आठ-दहा शाळा एकत्र करा, केंद्रप्रमुखांना सोबत घ्या, दोन ताया, प्रत्येकीकडे चार-पाच शाळा, आठवड्यातून एकेक दिवस ठरवून. मग प्रस्ताव सहा-सात लाखांचा होतो आणि ताईंना चार हजाराच्या जागी घर चालेल असा पगार मिळतो. बजेटमध्ये लॅपटॉपची ओळ शेवटी टाका, पहिली ओळ माणसाची. आम्हाला वस्तू आवडतात कारण वस्तूवर लोगो लागतो, हे माझंच खातं असून सांगतो, म्हणून आधीच म्हणा की बॅनर लावू, दर तीन महिन्याला फोटो पाठवू, पण पैसा तीन वर्षांचा कबूल करा. एका वर्षाचा घेतला तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा इथेच हाच प्रश्न विचाराल.

तोवर विद्यांजली पोर्टलवर शाळेची गरज टाकून ठेवा, २०२१ मध्ये केंद्र सरकारने नव्याने सुरू केलंय, वस्तू आणि स्वयंसेवक दोन्ही मागता येतात. जुने लॅपटॉप तिथे कुणी दिले तर बरंच.

---

एडिसनकर

मी मूळचा सासवडचा, सध्या न्यू जर्सीत. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, पंचावन्न हजार म्हणजे इथे आम्ही एका वीकेंडला जेवणावर घालवतो असं म्हणायची लाज वाटते पण तसंच आहे. मी आजच पाठवायला तयार आहे, खाते नंबर मेसेज करा ना.

---

दोनटक्के

@एडिसनकर थांबा थांबा. तुमचा पासपोर्ट अजून भारताचा आहे का? असेल तर तुमच्या कमाईतून नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. पण ग्रुपमध्ये जे अमेरिकन नागरिक झालेत, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, त्यांचे पैसे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्यात येतात, आणि ती नोंदणी नसलेल्या संस्थेने किंवा समितीने ते घेतले की गुन्हा. नोंदणीवाल्या संस्थेलाही ते पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. तेव्हा आठ जणांचं एकत्र करून एकाच्या नावाने पाठवू असला जुगाड करू नका, त्यात गावाकडचा माणूस अडकतो, तुम्ही नाही.

---

एडिसनकर

बापरे, हे माहीतच नव्हतं. आमच्यातल्या तिघांचा पासपोर्ट भारतीय आहे, मी त्यातला एक. ओढ्याकाठचे साहेब, संस्था ठरली की कळवा, तिघं मिळून ताईंचे पहिले सहा महिने धरा.

---

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस रेंज नव्हती म्हणून उशीर. शंभर रुपयांचा विषय कालच्या मीटिंगला बंद केला, खडूफळा सरांची पोस्ट वाचूनच दाखवली, आमचे सर पण गंभीर झाले. केंद्रप्रमुखांना फोन केला, ते म्हणाले सात शाळा तयार होतील पण दोन शाळांत मीटरच कट आहे, तर बघू. भोरच्या एका संस्थेला शनिवारी भेटणार आहे. ताईंना सगळं सांगितलं, त्या कंपनीत जाणार आहेतच, पण म्हणाल्या दिवाळीपर्यंत शनिवारी येईन, शनिवारी शाळा सकाळची असते म्हणून पोरांनाही बरं पडेल, अंधार होत नाही. नाहीतर पावसाळ्यात वस्तीवरच्या पोरांना सोडायला मीच टेम्पो काढत होतो.

एक शेवटचं, माजी_मेंबर काका, समितीच्या ठरावात 'मानधन' असं सरळ लिहू का 'प्रशिक्षण खर्च' लिहू? सर म्हणतात मानधन शब्द बघून ग्रामसेवक नाही म्हणतील.

---

माजी_मेंबर

आधी ग्रामसेवकाला तोंडी विचारा तुमच्याकडे कुठलं लेखाशीर्ष (खर्चाचं सदर) आहे, आणि तोच शब्द लिहा. पण लपवाछपवी नको, 'प्रशिक्षिकेचे मानधन' लिहून पुढे मुलं किती, दिवस किती, रक्कम किती ते टाका. आणि सही त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी ते पंचायत समितीत मीटिंगला असतात, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला.